‘तुम्ही दिलंत, तर मीही देतो’

सहकार्याचे कोडे : लेखांक ६

गेल्या लेखांकात आपण सामाईक कामाचा हिशेब मांडला आणि तो अडचणीचा निघाला. चौघांनी मिळून काही उभारायचे असेल, तर प्रत्येकाच्या सोयीचे हेच असते की बाकी तिघांनी झीज सोसावी आणि आपण लाभापुरते हजर राहावे. चौघांनीही असाच विचार केला तर काम उभेच राहत नाही. पण प्रत्यक्षात विहिरी खणल्या जातात, पतसंस्था चालतात, उत्सवाची वर्गणी जमते. माणसे हिशेबाविरुद्ध वागतात ती का, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर तयार असते : ज्याचे त्याचे संस्कार. हे उत्तर चूक नाही. त्यातून जो अर्थ काढला जातो तो मात्र चूक आहे. समाजात देणारे आणि ओरबाडणारे अशी दोन तऱ्हेची माणसे असतात आणि पहिल्यांची भरती वाढवली की सहकार्य आपोआप वाढते, असा तो अर्थ. गेल्या पन्नासेक वर्षांतले संशोधन वेगळे सांगते. मूल्यांचा सहकार्यावर परिणाम होतो, पण तो मुख्यतः आडवाटेने. समोरचा कसा वागेल याबद्दल माणूस काय गृहीत धरतो, आणि समोरचा नीट वागला तर आपल्यावर कोणते देणे चढते असे मानतो, या दोन गोष्टी मूल्ये ठरवतात. या लेखात एवढेच म्हणणे तपासून पाहायचे आहे.

मूल्ये मोजायची कशी, हा पहिला प्रश्न. माणसाला ‘तुम्ही निःस्वार्थी आहात का’ असे विचारून काही हाती लागत नाही. डेव्हिड मेसिक आणि चार्ल्स मॅक्लिंटॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये वेगळी वाट काढली. त्यांनी लोकांपुढे स्वतःच्या आणि एका अनोळखी माणसाच्या वाट्याच्या जोड्या ठेवल्या आणि निवड करायला सांगितले. पुढे नेदरलँड्समध्ये पॉल व्हॅन लांगे आणि सहकाऱ्यांनी वापरलेल्या प्रश्नावलीतली एक नमुनेदार निवड अशी : मला ४८० गुण आणि त्यालाही ४८०, मला ५४० आणि त्याला २८०, मला ४८० आणि त्याला ८०. मधला पर्याय निवडणारा आपल्यापुरते पाहतो. पहिला निवडणाऱ्याला समान वाटा हवा असतो. तिसरा पर्याय घेणाराही स्वतःचे ६० गुण सोडतो, अगदी पहिल्यासारखेच, पण समोरचा आणखी मागे पडावा म्हणून. म्हणजे पदरमोड दोघांची सारखीच, हेतू मात्र उलटे. ‘स्वार्थी विरुद्ध परोपकारी’ या नेहमीच्या विभागणीत हा तिसरा माणूस बसतच नाही, आणि रोजच्या जगात तर तो चांगलाच भेटतो. या कलाचा आणि प्रत्यक्ष सहकार्याचा संबंध किती, हे डॅनियल बॅलिएट, क्रेग पार्क्स आणि जेफ जॉयरमन यांनी २००९ मध्ये ८२ अभ्यास एकत्र करून पाहिले. सहसंबंध सुमारे ०.३० निघाला. मानसशास्त्रात हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही, पण वागण्यातल्या फरकाचा जेमतेम दहावा हिस्सा त्याने उलगडतो. मग उरलेले कुठे आहे?

त्याचा मोठा भाग झुरिकमधल्या एका छोट्या प्रयोगाने दाखवून दिला. उर्स फिशबाखर, सायमन गॅख्टर आणि अर्न्स्ट फेर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात ४४ विद्यार्थी होते. चौघांचा एक गट, प्रत्येकाकडे २० टोकन. सामाईक निधीत टाकलेल्या प्रत्येक टोकनामागे गटातल्या चौघांनाही ०.४ मिळणार, मग टाकणारा कुणीही असो. सगळ्यांनी सगळे टाकले तर प्रत्येकाचे ३२ होतात. तिघांनी टाकले आणि मी हात आखडता घेतला तर माझे ४४ होतात आणि त्यांच्या हाती २४ उरतात. नेहमीच्या प्रयोगात ‘तुम्ही किती टाकाल’ एवढेच विचारतात. इथे प्रत्येकाला एक तक्ता भरायला दिला : बाकीच्यांनी सरासरी शून्य टाकले तर तुम्ही किती टाकाल, एक टाकले तर किती, असे थेट वीसपर्यंत. इतरांनी वीस टाकले तरी शून्यच लिहिणारे, म्हणजे पक्के फुकटे, सुमारे ३० टक्के निघाले. सुमारे ५० टक्क्यांनी मात्र चढता तक्ता लिहिला : तुम्ही जितके द्याल, त्या प्रमाणात मी देईन. इतर काहीही करोत, मी सगळेच देणार, असे लिहिणारे जवळपास कुणी नव्हते.

मला हा निकाल फार बोलका वाटतो. बहुसंख्य माणसांचे मूल्य त्याग हे नाही, न्याय हे आहे. त्यांना झीज सोसायला हरकत नाही, हरकत आहे ती एकट्याने सोसायला. अशा माणसाला तुम्ही ‘देणारा’ म्हणाल की ‘न देणारा’? शेजारी कोण आहेत यावर ते ठरते. दिलदार गटात तो दिलदार दिसतो, फुकट्यांच्या गटात चार फेऱ्यांत फुकटा दिसू लागतो, आणि दोन्ही ठिकाणी त्याचे मूल्य तसूभरही बदललेले नसते. ‘हल्ली लोकांची नियत बिघडली’ असे म्हणताना आपण हाच घोटाळा करतो. त्यात आणखी एक खाच आहे. असे सशर्त देणारे लोक इतरांच्या सरासरीपेक्षा किंचित कमीच देतात. त्यामुळे खेळ पुन्हा पुन्हा खेळवला तर कुणीही मन बदललेले नसताना निधी घसरत जातो. आधी थोडा, मग त्या थोड्याला प्रतिसाद म्हणून आणखी थोडा.

आता समोरच्याबद्दलच्या अंदाजाकडे येऊ, कारण माझ्या मते मूल्ये सर्वाधिक काम करतात ती इथे. हॅरोल्ड केली आणि अँथनी स्टाहेल्स्की यांनी १९७० मध्ये एक विषमता मांडली. ज्यांचा कल सहकार्याकडे असतो त्यांना जग मिश्र दिसते : काही माणसे भली, काही बेरकी, तेव्हा पाहून ठरवावे. ज्यांचा कल चढाओढीचा असतो त्यांना मात्र सगळे आपल्यासारखेच दिसतात. गंमत अशी की या दुसऱ्या माणसाला अनुभवही त्याच्या मताला दुजोरा देणाराच येतो. तो पहिल्याच खेपेला वार करतो, समोरचा सहकार्यशील माणूस स्वतःला सांभाळण्यासाठी हात मागे घेतो, आणि हा म्हणतो, ‘बघा, मी म्हणालो नव्हतो?’ समोरच्याचा नकार आपणच ओढवून घेतला, हे त्याच्या लक्षात येत नाही. अविश्वासाचे मूल्य असे स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करते. विश्वासाला तशी सोय नसते. त्याला दर वेळी पहिले पाऊल स्वतःच्या जोखमीवर टाकावे लागते. म्हणूनच दोन्हींची ताकद समान नाही. पाच जणांच्या समितीत एक संशयी माणूस उरलेल्या चौघांना संशयी बनवू शकतो, एक विश्वासू माणूस मात्र चौघा संशयींना सहसा बदलू शकत नाही.

यावर सर्वात जोरकस आक्षेप स्टॅनफर्डमधून येतो. व्हर्डा लिबरमन, स्टीव्हन सॅम्युएल्स आणि ली रॉस यांच्या २००४ मधल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना एकच खेळ दोन नावांनी खेळायला दिला. नियम तेच, बक्षीस तेच. काहींना सांगितले, हा ‘वॉल स्ट्रीट’ खेळ. काहींना सांगितले, हा ‘कम्युनिटी’ खेळ. पहिल्या नावाखाली साधारण एक तृतीयांश विद्यार्थ्यांनी सहकार्य केले, दुसऱ्याखाली साधारण दोन तृतीयांशांनी. शिवाय वसतिगृहातल्या जाणत्या मंडळींनी ‘हा नक्की सहकार्य करील’, ‘हा नक्की दगा देईल’ असे म्हणून जे विद्यार्थी निवडून दिले होते, त्यांच्या वागण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मग मूल्यांचे काय राहिले? परिस्थितीच सगळे ठरवते, असे म्हणण्याचा मोह इथे होतो आणि अनेकांनी तो आवरलेला नाही. पण नुसत्या नावाने बदलले काय, ते पाहा. मिळकतीचा एक पैसाही बदलला नव्हता. बदलला तो समोरच्याबद्दलचा अंदाज : या खेळात लोक कसे वागतात, इथे काय शोभते. पक्क्या स्वार्थी माणसाला या माहितीचा काही उपयोग नसतो, कारण समोरच्याने काहीही केले तरी दगा देणेच त्याच्या फायद्याचे असते. निव्वळ नावाला प्रतिसाद देतो तो न्याय मानणारा माणूस. म्हणजे स्टॅनफर्डचा निकाल मूल्यांविरुद्धचा पुरावा नसून, बहुतेकांची मूल्ये सशर्त असतात याचाच पुरावा आहे. राहिला ओळखीच्या मंडळींचा चुकलेला अंदाज. त्यांनी माणसाची ख्याती सांगितली होती, त्याचा तक्ता कुणी भरून घेतला नव्हता.

दुसरा आक्षेप प्रयोगशाळेवरचा. विद्यापीठातल्या पोरांनी टोकनांशी केलेल्या खेळावरून खऱ्या जगाबद्दल काय बोलणार? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर इथिओपियाच्या बाले भागातल्या जंगलात मिळते. देवेश रुस्तगी, स्टेफानी एंगेल आणि मायकल कोसफेल्ड यांनी तिथल्या ओरोमो लोकांच्या ४९ वनगटांमधल्या ६७९ सभासदांबरोबर असाच सशर्त निवडीचा खेळ खेळला. मग प्रत्येक गटाच्या वाट्याचे जंगल पाहिले आणि वाढीला लागलेली तरुण झाडे हेक्टरी किती, ते मोजले. २०१० मध्ये आलेला निष्कर्ष असा की ज्या गटात सशर्त सहकार्य करणाऱ्यांचे प्रमाण जास्त, त्या गटाचे जंगल अधिक चांगले. कारणही हाती लागले. हे लोक जंगलावर पहारा देण्यात फुकट्यांच्या दीडपट वेळ घालवत होते. न्याय मानणारा माणूस स्वतः नियम पाळून थांबत नाही, तो इतरांवरही नजर ठेवतो, कारण इतरांनी पाळले तरच त्याचे पाळणे त्याला सार्थ वाटते. कुणी म्हणेल, चांगल्या गटात राहून माणसे चांगली झाली असतील, उलटे नसेल कशावरून? तसेही काही प्रमाणात होते, हे मान्यच केले पाहिजे. ईशान्य ब्राझीलमधल्या मच्छीमारांचा अभ्यास तेच सांगतो. तळ्यावर एकेकट्याने छोट्या होड्या चालवणारे मच्छीमार अनुभवाच्या वर्षांबरोबर अधिक चढाओढखोर होत गेले, तर समुद्रावर मोठ्या होडीत चमूने काम करणारे कमी. मूल्ये घरातून येतात तशी कामातूनही येतात. पण त्यामुळे वरचे म्हणणे पडत नाही, उलट मूल्ये कुठे घडवता येतील याचा एक पत्ता मिळतो.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर पुरंदर तालुक्यातल्या नायगावचे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथून पाणी पंचायतीची चळवळ उभी केली. तिचे नियम या चर्चेच्या उजेडात वाचले तर थक्क व्हायला होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात : माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलायचा. यातल्या एकाही नियमाने गावकऱ्यांकडे संतपणाची मागणी केली नाही. शेजाऱ्याला पाणी मिळते तेवढेच मला, माझ्या खिशाला चाट बसते तेवढीच त्याच्या, एवढेच उघड्यावर आणले. मोठ्या जमीनदाराच्या उसाकडे पाहत छोट्या शेतकऱ्याने पाणी जपून वापरावे, ही अपेक्षा कुठल्याही व्याख्यानाने पुरी होत नाही. ऊसच नसला तर वेगळे व्याख्यान लागत नाही. पाणी पंचायतीच्या सगळ्या योजना पुढे टिकल्या नाहीत, हे खरे. पण त्यांनी सहकार्य ज्या पायावर उभे केले तो पाया अचूक ओळखला होता.

इथे तिसरा आक्षेप येतो : मग नियमच पुरे, मूल्यांचे नाव कशाला? इस्रायलमधल्या हैफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी दहा पाळणाघरांत केलेला प्रयोग या भाबडेपणावर उतारा आहे. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड सुरू केला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, आणि दंड मागे घेतल्यावरही तो खाली आला नाही. शिक्षिकेला ताटकळत ठेवू नये ही पालकांची भावना होती. दंडाने तिची किंमत ठरवून दिली आणि पालकांनी ती बिनदिक्कत मोजली. नियम नायगावलाही होते, हैफालाही. नायगावच्या नियमांनी लोकांच्या न्यायबुद्धीला भरवसा दिला, हैफाच्या नियमाने तिला बाजूला सारले. नियम कडक की सौम्य यापेक्षा हा फरक मोठा आहे.

तेव्हा गृहनिर्माण संस्थेच्या किंवा दूधसंघाच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत कुणी सहकाराच्या संस्कारांवर बोलायला उभे राहिले, तर त्यांना एकच विचारा : कुणी किती भरले आणि कुणी बुडवले, याची यादी फलकावर कधी लागणार? मात्र यादी लागल्यावर दंड करायचा का, आणि कुणी कुणाला करायचा, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. १६ शहरांत झालेल्या एका प्रयोगात मस्कत आणि अथेन्ससारख्या ठिकाणी लोकांनी फुकट्यांबरोबरच भरभरून देणाऱ्यांनाही दंड ठोकला. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.