लिख्टेनश्टाइन : उसन्या चलनाचे समृद्ध राष्ट्र

स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामध्ये, ऱ्हाईन नदीच्या उजव्या तीरावर लिख्टेनश्टाइन हे संस्थान वसलेले आहे. क्षेत्रफळ अवघे १६० चौरस किलोमीटर, लोकसंख्या सुमारे ४० हजार. समुद्र नाही, विमानतळ नाही. सैन्य तर १८६८ सालीच मोडीत काढण्यात आले. असे असूनही दरडोई उत्पन्नात या राष्ट्राचा क्रमांक जगात अगदी वरचा लागतो.

शंभर वर्षांपूर्वी चित्र निराळे होते. १८५२ पासून ऑस्ट्रियाशी जकातसंघ होता व चलनही ऑस्ट्रियाचेच चाले. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियन क्रोन कोसळला आणि शेतकऱ्यांनी गाठीला बांधलेली बचत मातीमोल झाली. १९१९ मध्ये जुना करार संपुष्टात आणून संस्थानाने स्वित्झर्लंडकडे तोंड वळविले. १९२३ साली जकात करार झाला आणि १९२४ मध्ये स्विस फ्रँक हेच अधिकृत चलन ठरले. तरीही हालअपेष्टा संपल्या नाहीत. १९२७ च्या महापुराने शेते बुडविली आणि पुढच्याच वर्षी सरकारी बचत बँकेतील गैरव्यवहार उघडकीस आला. त्या काळी टपाल तिकिटांची विक्री हेदेखील सरकारी उत्पन्नाचे एक महत्त्वाचे साधन होते!

परदेशी कंपन्यांना आकर्षित करणारा १९२६ चा कंपनी कायदा आणि अत्यल्प कर यांमुळे पैसा येऊ लागला. तो सारा निर्मळ होता, असे मात्र म्हणता येणार नाही. २००८ साली जर्मनीतील करचुकव्यांची खाती येथील एका बँकेत असल्याचे उघड झाले आणि २००९ मध्ये करविषयक माहितीच्या देवाणघेवाणीचे आंतरराष्ट्रीय निकष संस्थानाला स्वीकारावे लागले.

परंतु केवळ बँकांवर हे राष्ट्र उभे आहे, ही समजूत चुकीची होय. राष्ट्रीय उत्पन्नात कारखानदारीचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. शान या गावी १९४१ मध्ये दोघा हिल्टी बंधूंनी लहानशी कार्यशाळा काढली. आज काँक्रीटला भोके पाडणारी त्यांची यंत्रे जगभरच्या बांधकामांवर दिसतात. कृत्रिम दातही याच गावातून परदेशी जातात. घरची बाजारपेठ इतकी तुटपुंजी, की निर्यातीवाचून गत्यंतरच नव्हते.

या कारखान्यांना हात पुरवितात ते शेजारी. येथे काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक रोज सकाळी सीमा ओलांडून येतात आणि सायंकाळी आपल्या देशी परततात. १९९५ पासून संस्थान युरोपीय आर्थिक क्षेत्राचे सदस्य आहे. तथापि वास्तव्याचे परवाने मोजकेच दिले जातात व त्यांतील काही चक्क सोडत काढून! श्रम हवे, पण वस्ती नको, या धोरणाची टोचणी शेजाऱ्यांना जाणवत असल्यास नवल नाही.

उसन्या चलनाचीही किंमत मोजावी लागते. जानेवारी २०१५ मध्ये स्विस मध्यवर्ती बँकेने फ्रँकच्या दरावरील मर्यादा अचानक उठविली. फ्रँक वधारला व येथील माल परदेशात एका दिवसात महागला. त्या निर्णयात संस्थानाला मत नव्हते. स्वतःची मध्यवर्ती बँक नसल्याने संकटसमयी कर्ज मागावे कोणाकडे, हा प्रश्न उरलाच होता. त्यावर २०२४ साली सार्वमत घेण्यात आले आणि त्याच वर्षी लिख्टेनश्टाइन आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे १९१ वे सदस्य झाले.