वाघाला कोण खातें?

परवां तिन्हीसांजेस शुभंकरोति आटोपल्यावर आमच्या धाकट्या नातवानें मला विचारिलें, “आजोबा, गवत हरिण खातें, हरणाला वाघ खातो, मग वाघाला कोण खातें?” मी शाळेंत होतों तेव्हां हाच प्रश्न पुष्कळ विद्यार्थी विचारीत, आणि “वाघ सर्वांत बलवान्, त्याच्या वाटेस कोण जाणार?” असें ठराविक उत्तर देऊन मी त्यांना वाटेस लावीत असें. तें उत्तर चुकीचें होतें, हें मला सेवानिवृत्तीनंतर थोरल्या सूनबाईंच्या कपाटांतील एका ग्रंथावरून कळलें. त्या महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवितात.

प्रश्न बळाचा नसून हिशेबाचा आहे. हा हिशेब एका तळ्यापुरता आंकड्यांनिशीं मांडून दाखविला तो रेमंड लिंडमन या अमेरिकन तरुणानें. मिनेसोटा संस्थानांत सीडर बॉग लेक नांवाचें एक सरोवर आहे. सरोवर म्हणावयाचें तें मानानें. पाणी उथळ, तळाशीं गाळाचा जाड थर, हळूहळू दलदल होऊन बुजत चाललेलें तें एक म्हातारें तळें. लिंडमननें पत्नीच्या साहाय्यानें तेथील शेवाळ, पाणवनस्पति, किडे आणि मासे यांची कित्येक ऋतु मोजदाद केली.

त्यानें काढलेले आंकडे पाहण्यासारखे आहेत. वर्षभरांत तळ्याच्या दर चौरस सेंटिमीटरावर सूर्याकडून सुमारें १,१८,८७२ कॅलरी येतात. त्यांपैकीं वनस्पति पदरांत पाडून घेतात अवघ्या १११. म्हणजे हजारांत एकहि नाहीं. वनस्पतींवर जगणाऱ्या जीवांच्या वाट्यास १४.८, आणि त्या जीवांना खाणाऱ्यांच्या वाट्यास ३.१! यापुढें आणखी पंगत बसवावयाची तर पानावर वाढणार काय? मधली शक्ति कोणी चोरीत नाहीं. श्वासोच्छ्वास आणि हालचाल यांत ती खर्च होते व उष्णतेच्या रूपानें कायमची निघून जाते. कांहीं भाग कोणी न खातांच कुजतो.

द्रव्याची गोष्ट मात्र निराळी. आमच्या लहानपणीं मुंजीच्या पंगतीवर पंगती उठत. तींच पितळी ताटें नि वाट्या घासूनपुसून पुढच्या पंगतीस येत. पण चुलाण्यांत जळालेलें सरपण कांहीं परत येत नसे, त्याच्या मोळ्या दर खेपेस नव्या आणाव्या लागत. नत्र, स्फुरद हीं सृष्टींतील भांडीं होत, आणि सूर्याची शक्ति हें सरपण. लिंडमननें आपल्या आकृतींत मध्यभागीं कोणास बसविलें असेल? माशास नव्हे, गाळास! मेलेलें सारें तेथें जातें, सूक्ष्म जंतु त्याचें विघटन करितात आणि त्यांतील द्रव्य पुन्हां वनस्पतींच्या मुळाशीं जातें. घासणावळीच्या जागेला असा मान दुसऱ्या कोणी दिल्याचें माझ्या तरी वाचनांत नाहीं.

हा निबंध १९४१ सालीं ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाकडे गेला, तेव्हां दोन्ही परीक्षकांनीं तो नापसंत केला. सिद्धांत फार, पुरावा थोडा, असा त्यांचा शेरा. लिंडमन त्या वेळीं येल विद्यापीठांत जी. एव्हलिन हचिन्सन यांच्यापाशीं होता. (हे हचिन्सन १९३२ सालीं लडाखचीं सरोवरें तपासण्यास हिंदुस्थानांत येऊन गेले होते.) त्यांनीं संपादकांस आग्रहाचें पत्र लिहिलें आणि संपादकांनीं परीक्षकांचें मत बाजूस ठेवून निबंध स्वीकारिला. पण लिंडमन दीर्घकाळ आजारी होता. २९ जून १९४२ रोजीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, तो वारला. निबंध छापून आला ऑक्टोबरांत, शेवटीं हचिन्सननीं जोडलेल्या मृत्युवार्तेसह. जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या मला हें वाचून ओशाळल्यासारखें झालें. तांबड्या शाईनें ‘विषयांतर’ असा शेरा मीं किती वेळां मारिला असेल, आणि त्यांपैकीं किती शेरे न्यायाचे असतील?

असो. नातवाला मीं पाटी घ्यावयास सांगितली. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंत यांच्या हिशेबानें एका वाघाला वर्षास हरणाएवढीं सुमारें पन्नास जनावरें लागतात, आणि तेवढीं मारूनहि कळप टिकावयाचा तर रानांत अशीं पांचशें जनावरें असावीं लागतात. आतां वाघ खाणारा एक प्राणी कल्पावा. त्यालाहि याच त्रैराशिकानें पांचशें वाघांचें रान हवें. २०२२ सालच्या गणनेंत भारतांतील वाघांचा सरासरी अंदाज ३,६८२ निघाला. नातवानें भागाकार केला. उत्तर आलें सात, बाकी एकशें ब्याऐंशी. साऱ्या देशांत सात जनावरें! एक उत्तरेकडे, तर दुसरें केरळांत. त्यांचीं लग्नें जमावयाचीं कशीं, अशी शंका माजघरांतून आमच्या मंडळींनीं काढली, आणि ती अगदीं शास्त्रशुद्ध होती.

नातू मात्र पाटीकडे पाहत गप्प बसला होता. थोड्या वेळानें म्हणाला, “पण आजोबा, वाघ मेला कीं त्याचें काय होतें?” मीं सांगितलें, गिधाडें येतात, किडे येतात, जंतु येतात, आणि उरलेंसुरलें मातींत जातें.

“आणि मातींतून?”

“गवतांत.”

“मग गवतच खातें कीं वाघाला!” असें म्हणून तो पाटी तशीच टाकून जेवावयास पळाला.