ढगांच्या पोटातले खडक

२००८ च्या जानेवारीत सर एडमंड हिलरी गेले आणि नेपाळमधल्या लुक्ला विमानतळाला तेनसिंग-हिलरी हे नाव मिळालं. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरच्या सकाळी काठमांडूहून आलेलं यती एअरलाइन्सचं ट्विन ऑटर विमान तिथल्या धावपट्टीच्या तोंडाशी आदळलं आणि पेटलं. १९ जणांपैकी एकटा कॅप्टन वाचला.

ही धावपट्टी १९६४ ची, हिलरींच्याच पुढाकाराने झालेली. माती घट्ट बसावी म्हणून शेर्पांनी तिच्यावर पाय आपटत नाच केला, असं सांगतात. डांबर पडलं ते २००१ मध्ये. लांबी अवघी ५२७ मीटर. एका टोकाला खोल दरी, दुसऱ्या टोकाला डोंगराची भिंत आणि मधे जवळपास १२ टक्क्यांचा चढ. हा चढच उतरणाऱ्या विमानाचा वेग मारतो. पण अगदी जवळ आल्यावर विमान पुन्हा वर उचलायची सोय नाही, कारण समोर डोंगर आहे. पट्टी डोळ्यांना दिसत असेल तरच उतरायचं. त्या सकाळी नेमकं शेवटच्या टप्प्यात धुकं आडवं आलं.

२७ मे २०१७ ला तिथेच ढगाळ हवेत एक मालवाहू ‘लेट ४१०’ विमान पट्टीच्या अलीकडेच कोसळलं. दोन्ही वैमानिक गेले.

नेपाळमधलाच पोखरा ते जोमसोम हा हवाई मार्ग जेमतेम वीस मिनिटांचा. पण जोमसोमला पोहोचण्याआधीच तारा एअरची दोन ट्विन ऑटर डोंगरावर आदळली: फेब्रुवारी २०१६ मध्ये २३ जण गेले, मे २०२२ मध्ये २२. या २२ जणांत ठाण्याचं एक कुटुंबही होतं. दोन्ही चौकशांचा निष्कर्ष सारखाच निघाला: डोळ्यांच्या भरवशावर चाललेलं विमान ढगात शिरलं आणि वाट चुकलं. २०२२ मध्ये तर डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणाही बंद ठेवलेली होती.

नेपाळमधले वैमानिक म्हणतात, इथल्या ढगांत खडक असतात. म्हणजे ढग दिसला की मागे फिरायचं, आणि तेही वेळेत. हा निर्णय वैमानिकाचा खरा, पण त्याच्यावरचं दडपण आपण प्रवासीही वाढवत असतो. लुक्लामार्गे एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघणाऱ्या मराठी ट्रेकरने दोन दिवस हाताशी जास्तीचे ठेवावेत. सकाळी काठमांडूत ‘आज लुक्ला बंद’ असं कळलं, तर काउंटरवर हुज्जत घालू नये. सॅक उचलून मुक्कामी परतावं. उद्याही सकाळ होणार आहे.