चोरीच्या तीन तऱ्हा

संगणकावर किंवा मोबाइलवर दूरदूरच्या देशांतील खेळाडू एकाच वेळी एकच खेळ खेळतात आणि खेळता खेळता शस्त्रे, चिलखते, वस्त्रे व नाणी मिळवितात. ही संपत्ती पडद्यावरची खरी. परंतु तिच्यासाठी कित्येक महिन्यांचे श्रम, आणि पुष्कळदा वडीलधाऱ्यांचे पैसेही, खर्ची पडलेले असतात. ती खेळाडूच्या खात्यात राहते व त्या खात्यास पासवर्डाचे कुलूप असते. संपत्ती नाहीशी झाली की मुले सरसकट ‘खाते हॅक झाले’ असे म्हणतात. वस्तुतः ह्या चोरीच्या तऱ्हा तीन आहेत. त्या ओळखल्या नाहीत तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी स्थिती होते.

हॅकिंग हा शब्द मुळात निंदेचा नव्हता. अमेरिकेतील एम. आय. टी. ह्या संस्थेत यंत्रांशी हौसेने खटपट करणारे तरुण स्वतःस अभिमानाने हॅकर म्हणवीत. १९६२ मधील ‘स्पेसवॉर’ हा संगणकावरील आरंभीचा खेळ अशाच मंडळींनी रचला. पुढे परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकयंत्रणेत शिरण्यासही तेच नाव पडले. ही सरळसरळ घरफोडी होय. एप्रिल २०११ मध्ये सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये अशीच घुसखोरी झाली. सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ सेवा बंद राहिली. ह्यात खेळाडूंचा काडीचाही दोष नव्हता. मात्र ज्यांनी तोच पासवर्ड इतरत्रही वापरला होता, त्यांची चिंता दुणावली.

फिशिंगमध्ये भिंत शाबूत असते, कुलूपही शाबूत असते. मालकच फसून किल्ली देतो. मासेमारीच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे थोडी बदलून हे नाव बनले आहे, आणि गळ व आमिष दोन्ही येथे असतातच. ‘रोब्लॉक्स’ खेळणाऱ्यांस फुकट रोबक्स, म्हणजे त्या खेळातील चलन, देऊ करणारी पाने आढळतात. पान हुबेहूब खऱ्यासारखे दिसते. पत्त्यात मात्र एखादे अक्षर निराळे असते. तेथे लिहिलेला पासवर्ड थेट चोराच्या हाती पडतो. अशा वेळी तो तत्काळ बदलणे, हाच पहिला उपाय.

तिसरी तऱ्हा स्कॅमची, म्हणजे निव्वळ ठकबाजीची. २००१ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘रूनस्केप’ खेळात एक युक्ती प्रसिद्ध आहे. ‘तुझ्या चिलखतास नक्षीदार किनार फुकट लावून देतो,’ असे एखादा सज्जन नवख्यास सांगतो. ही किनार लावून देण्याची गोष्ट म्हणजे निव्वळ थाप असते! नवखा चिलखत त्याच्या स्वाधीन करतो आणि सज्जन अंतर्धान पावतो. येथे पासवर्ड बदलून काय होणार? खात्यात कोणी शिरलेलेच नसते. झालेले संभाषण जपून ठेवून खेळाच्या चालकांकडे तक्रार करावी लागते.

घरचे रागावतील ह्या भीतीने मुले गप्प बसतात, आणि चोरास हवा असलेला अवधी नेमका तेवढ्यात मिळतो. खऱ्या पैशांची फसवणूक झाली असेल, तर भारतात १९३० ह्या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळविले जात असतात. वर्दी लवकर मिळाली, तर बँकांना ते वाटेतच अडविता येतात.