धसईचा प्रयोग आणि अर्धवट व्यवहाराचे कोडे

लेखांक सातवा

सॉफ्टवेअर लिहिणारा प्रत्येक जण, त्याच्या ध्यानात येवो वा न येवो, ते जिथे वापरले जाणार आहे त्या जगाविषयी काही गोष्टी गृहीत धरून चालतो. वीज असेल, रेंज असेल, फोन ज्याच्या हातात आहे त्याच्याच मालकीचा असेल, पडद्यावरचे वाक्य त्याला वाचता येईल, अशी ही गृहीतके आज्ञावलीत कुठेही लिहिलेली नसतात आणि म्हणूनच ती खोटी ठरेपर्यंत कोणाच्या नजरेस पडत नाहीत. मागील लेखांकात कार्ड आणि क्यूआर कोड यांची रचना पाहिली. या लेखांकात त्या रचनेतला एखादा दुवा ऐन व्यवहाराच्या मध्यावर तुटला तर काय घडते, आणि त्याची जबाबदारी कोणी घ्यायला हवी, याचा विचार करायचा आहे. त्यासाठी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्याचे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे, कारण या प्रश्नाची परीक्षा तिथे जाहीरपणे झाली.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून बाद झाल्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच १ डिसेंबर २०१६ रोजी मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत जाहीर झाले. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाने पुढाकार घेतला आणि बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्ड स्वाइप करण्याची यंत्रे दिली. धसई ही आसपासच्या गावा-पाड्यांची बाजारपेठ असल्यामुळे प्रयोगासाठी केलेली ही निवड मुळात चुकीची नव्हती. तरीही पुढे तिथे रोखीचे व्यवहार पूर्ववत होऊ लागल्याच्या बातम्या आल्या, आणि मग ग्रामीण ग्राहकाला सवय नाही, शिक्षण नाही, हे ठरलेले निदान पुढे करण्यात आले. यंत्र बनवणाऱ्यांना हे निदान फार सोयीचे आहे, कारण ते मान्य केले की यंत्राची तपासणी करण्याचे कारण उरत नाही.

दुकानदाराच्या अडचणींपैकी एक उघड होती: कार्डाने पैसे घेतले की बँक त्यातून ठरावीक टक्के शुल्क कापून घेते, ज्याला मर्चंट डिस्काउंट रेट किंवा एमडीआर म्हणतात. दोन-तीन टक्के नफ्यावर धान्य-तेल विकणाऱ्याला हे शुल्क जड जाते. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांच्यावरील एमडीआर १ जानेवारी २०२० पासून शून्य झाला, म्हणजे ही अडचण धोरणाने सुटण्यासारखी होती आणि तशीच सुटली. दुसरी अडचण मात्र कोणत्याही अध्यादेशाने सुटणारी नाही.

कार्ड स्वाइप झाल्यावर यंत्र आपल्या सिमकार्डमार्फत दुकानदाराच्या बँकेकडे विनंती पाठवते, ती बँक ही विनंती रुपे किंवा व्हिसासारख्या जाळ्याकडे देते, जाळे ती ग्राहकाच्या बँकेपर्यंत नेते, तिथे खात्यातून रक्कम वजा होते आणि मग होकार त्याच वाटेने उलटा येऊन यंत्रातून पावती निघते. विनंती जाताना रेंज गेली तर काहीच बिघडत नाही, कारण पैसे जागचे हललेले नसतात. रेंज होकार परत येताना गेली, तर ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेलेले असतात, त्याच्या फोनवर कदाचित तसा संदेशही येतो, पण दुकानदाराच्या यंत्रावर पावती नसते. गल्ल्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने या दोन्ही घटना हुबेहूब सारख्या दिसतात. यंत्र गप्प आहे, एवढेच त्याला कळते.

संगणकशास्त्रात हे कोडे ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ या नावाने ओळखले जाते. ते १९७५ मध्ये प्रथम मांडले गेले आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला हे नाव दिले. शहापूरच्या माहुली गडावर एक सेनापती आहे, मुरबाडच्या गोरखगडावर दुसरा, आणि दोघांनी एकाच पहाटे हल्ला केला तरच विजय मिळणार आहे, अशी कल्पना केली तर मधल्या मुलखातून जाणारा जासूद पकडला जाण्याची शक्यता नेहमीच राहते. माहुलीहून निरोप निघाला, पण तो पोचला हे कळण्यासाठी गोरखगडाहून उत्तर यावे लागेल. उत्तर पोचले हे गोरखगडाला कळण्यासाठी आणखी एक जासूद लागेल. आणि ही साखळी कितीही लांबवली तरी शेवटचा निरोप पाठवणारा साशंकच राहतो. बेभरवशाच्या वाटेवरून दोन पक्षांना एकाच क्षणी पूर्ण खात्री देणे अशक्य आहे, हे यातून गणिताने सिद्ध होते. महागडे यंत्र, हुशार प्रोग्रामर किंवा साक्षर ग्राहक यांपैकी कशानेही हा निष्कर्ष बदलत नाही.

जे अशक्य आहे ते टाळता येत नसले तरी सांभाळून घेता येते, आणि त्यासाठी दोन उपाय रूढ आहेत. पहिला उपाय रिव्हर्सल, म्हणजे उलट नोंद: ठरावीक वेळेत होकार आला नाही तर यंत्र तो व्यवहार रद्द समजते आणि रद्द केल्याचा संदेश पुढे पाठवते. पण तो संदेशही त्याच तुटलेल्या वाटेने जायचा असतो, म्हणून यंत्र तो साठवून ठेवते आणि रेंज परत आल्यावर पाठवते. परिणामी रेंज जितकी वाईट, तितके ग्राहकाचे पैसे अधिक काळ अडकतात. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने याला मुदत घातली: दुकानातील कार्ड-यंत्रावर फसलेल्या व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत, अन्यथा दर दिवसाच्या उशिरासाठी शंभर रुपये भरपाई. नियम चांगला आहे. मात्र ज्याच्या खात्यात मजुरीचे सातशे रुपये आहेत आणि त्यांतले पाचशे अडकले आहेत, त्याला पाच दिवसांचा वायदा देऊन त्या संध्याकाळचे तांदूळ मिळत नाहीत.

दुसरा उपाय अधिक सुंदर आहे. प्रत्येक विनंतीला एक स्वतंत्र क्रमांक दिला, तर तीच विनंती कितीही वेळा पोचली तरी बँक क्रमांक ओळखून पैसे एकदाच वजा करते. या गुणधर्माला आयडेम्पोटन्स असे नाव आहे. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहारालाही असा क्रमांक असतो. पण हा क्रमांक यंत्राने केलेल्या पुनरावृत्तीपासून वाचवतो, माणसाने केलेल्या पुनरावृत्तीपासून नाही. पडद्यावर ‘व्यवहार अयशस्वी’ असे वाचून ग्राहकाने पुन्हा रक्कम भरली की नवा क्रमांक तयार होतो आणि पैसे दोनदा जाऊ शकतात. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांवर सर्वांत कठोर टीका इथेच करावी लागते. यंत्राला जे माहीत नाही ते माहीत असल्याचा आव त्याने आणू नये. ‘पैसे गेले की नाही हे अजून कळलेले नाही, दहा मिनिटे पुन्हा देऊ नका’ हे वाक्य पडद्यावर लिहायला तंत्रज्ञानाची कोणतीही नवी झेप लागत नाही. ते अनेकदा लिहिले जात नाही, कारण अनिश्चितता कबूल करणारे उत्पादन कमकुवत दिसते, असा विक्री विभागांचा समज असतो.

शिवाय वातानुकूलित कार्यालयातील वायफायवर चाचणी घेणाऱ्याला ही अर्धवट व्यवहाराची स्थिती क्वचितच भेटते. शहापूर-मुरबाड भागातल्या डोळखांब किंवा टोकावडे इथे ती रोजचीच असू शकते. इथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. फोनच्या कोपऱ्यातल्या उभ्या रेघा टॉवरचा संकेत किती जोरकस आहे एवढेच सांगतात. त्या टॉवरवर किती गर्दी आहे हे त्या सांगत नाहीत. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा इथे म्हसोबाची यात्रा भरते, तिचा गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे, आणि एरवी एका गावाला पुरणाऱ्या टॉवरवर अशा वेळी हजारो फोन येऊन पडतात. रेघा पूर्ण असूनही विनंती पुढे सरकत नाही ती यामुळे. बैलाचा सौदा नोटांनी करणारा शेतकरी त्या क्षणी मागासलेला नसतो, तर उपलब्ध साधनांपैकी सर्वांत भरवशाचे निवडत असतो.

इंटरनेट टाळणारे मार्ग आहेत. *९९# हा क्रमांक डायल करून वापरायची यूएसएसडी सेवा साध्या फोनवरही चालते, आणि मार्च २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय १२३पे मध्ये बोलून व्यवहार करण्याची सोय आहे. पण त्यांनाही रेंज लागतेच, आणि यूएसएसडीचे सत्र मध्येच तुटले तर कोडे पुन्हा तेच. ग्राहकोपयोगी तंत्रज्ञानातली अलीकडची खरोखर शहाणी वस्तू म्हणून दुकानातल्या बोलक्या डबीचे नाव घ्यावे लागेल. स्वतःचे सिम असलेली ही साउंडबॉक्स नावाची डबी पैसे जमा झाल्याची वार्ता मराठीत मोठ्याने सांगते, म्हणजे दुकानदाराला ग्राहकाच्या फोनवरील पडद्यावर विश्वास ठेवावा लागत नाही आणि वाचावेही लागत नाही. माणसाची तयारी लक्षात न घेणाऱ्या यंत्राचे उलट उदाहरणही मुरबाड तालुक्यातच आहे. तिथल्या फांगणे गावात योगेंद्र बांगर या जिल्हा परिषद शिक्षकाच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. अंगठ्याऐवजी सही करता यावी म्हणून तिथे वृद्ध स्त्रिया अक्षरे गिरवू लागल्या, आणि त्यानंतर थोड्याच काळात रेशन दुकानातल्या यंत्राने सर्वांकडे पुन्हा अंगठाच मागायला सुरुवात केली. शेती-मजुरीने रेषा झिजलेल्या बोटांचा प्रश्न स्वतंत्र लेखांकाचा विषय आहे.

रेंज अजिबातच नसताना पैसे देता येण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३ जानेवारी २०२२ रोजी चौकट आखली. समोरासमोरचा व्यवहार, एका वेळी दोनशे रुपये, एकूण दोन हजार, अशी तिची मूळ मर्यादा होती आणि ती पुढे वाढवण्यात आली. मर्यादेचे कारण सरळ आहे: जाळ्याशी संपर्क नसताना तोच रुपया दोन दुकानांत खर्च झाला तर ते त्याच क्षणी कोणालाच कळत नाही, म्हणून संभाव्य नुकसान आधीच छोटे करून ठेवायचे. नेमके हेच काम दुकानदाराची उधारीची वही करते. ती रेंजशिवाय चालते, हिशेब हंगामानंतर जुळवते आणि नुकसान मर्यादेत ठेवते. फरक इतकाच की वहीतली मर्यादा माणूस पाहून ठरते. भात झोडून झाल्यावर फेडणाऱ्याला दोन हजार, नव्याला शंभर. यंत्रातली एका व्यवहाराची मर्यादा सर्वांना एकच आहे, म्हणजे अनोळखी माणसाला ती वहीपेक्षा अधिक उदारपणे वागवते आणि वीस वर्षांपासूनच्या गिऱ्हाइकाला कमी.