१ जुलैची धास्ती आणि टोरांटोचे पाच गैरसमज

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात. टोरांटोत हॉकी म्हणजे बर्फावरची, आणि तिथल्या मेपल लीफ्स संघानं स्टॅनले कप शेवटचा जिंकला तो १९६७ साली. मे २०२५ मध्ये फ्लोरिडाविरुद्धचा सातवा, निर्णायक सामना हा संघ घरच्याच रिंकवर ६-१ असा हरला. तरी चाहत्यांची झोप उडवली ती पुढच्या तारखेनं. १ जुलैला तिथल्या दुपारी १२ वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊला, एनएचएल या लीगचा खेळाडूबाजार उघडतो. त्या हंगामात गोल आणि गोलसाठीचे पास मिळून १०२ गुण कमावणारा, शेजारच्या मारखममध्ये जन्मलेला मिच मार्नर करारमुक्त होणार होता. ‘आता संघात उरतंय कोण?’ ही काळजी खरीच. पण तिच्याभोवती बरेच गैरसमजही असतात.

गैरसमज १: करार संपला की खेळाडू मोकळा.

वस्तुस्थिती: ढोबळ नियम असा, की वय २७ झालेलं असावं किंवा लीगमध्ये ७ हंगाम झालेले असावेत, तरच खेळाडू पूर्ण मोकळा. त्याआधी करार संपला आणि क्लबनं मुदतीत नव्या कराराचा देकार दिला, तर हक्क क्लबकडेच राहतात. म्हणून लीफ्सच्याच २२ वर्षांच्या मॅथ्यू नाइजबद्दलची धास्ती मार्नरइतकी मोठी नव्हती. बाजार उघडण्याआधीच त्यानं ६ वर्षांचा करार केला. एक फट मात्र आहे. दुसरा क्लब अशा तरुणाला ‘ऑफर शीट’ देऊ शकतो. मूळ क्लबनं ७ दिवसांत तोच करार मान्य केला नाही, तर भरपाई म्हणून नवोदितांच्या ड्राफ्टमधल्या निवडींवर समाधान मानावं लागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुइसनं एडमंटनचे ब्रोबर्ग आणि हॉलोवे असेच उचलले.

गैरसमज २: मालकानं तिजोरी उघडली असती तर सगळे टिकले असते.

वस्तुस्थिती: टोरांटोला पैशाची ददात नाही, पण खर्चाला कुंपण आहे. २००४-०५ चा अख्खा हंगाम टाळेबंदीत बुडाला आणि त्यातूनच पगारमर्यादा आली. २०२५-२६ साठी ती होती ९ कोटी ५५ लाख डॉलर. आयपीएलच्या पर्ससारखाच हा प्रकार, फक्त इथं लिलाव नाही. मोकळा खेळाडू आपला क्लब स्वतः निवडतो. आता हिशेब मांडून पाहा. लीफ्सचे ऑस्टन मॅथ्यूज वर्षाला १ कोटी ३२ लाख ५० हजार, विल्यम नायलँडर १ कोटी १५ लाख. त्यात मार्नरला पुढे मिळालेले वर्षाचे १ कोटी २० लाख धरले, तर २३ जणांच्या संघातले तिघेच ३ कोटी ६७ लाख ५० हजार खातात. उरलेल्या विसांना काय द्यायचं?

गैरसमज ३: मार्नर फुकट गेला, हंगाम चालू असतानाच त्याला दुसरीकडे द्यायला हवं होतं.

वस्तुस्थिती: त्याच्या करारात बदलीला मनाई करणारं कलम होतं. त्याच्या संमतीशिवाय क्लबला त्याला कुठंही धाडता येत नव्हतं. आणि तो अगदीच फुकट गेला असंही नाही. तेव्हाच्या नियमानं ८ वर्षांचा करार फक्त स्वतःचा क्लब देऊ शकत होता, बाहेरच्यांना मर्यादा ७ वर्षांची. हे आठवं वर्ष टोरांटोच्या हातातलं हुकमाचं पान ठरलं. ३० जूनला मार्नरशी ८ वर्षांचा, ९ कोटी ६० लाखांचा करार करून त्याला व्हेगासच्या संघाकडे दिलं आणि बदल्यात निकोलस रॉय घेतला. रॉय मार्नरच्या तोडीचा नव्हे, पण हात रिकामेही राहिले नाहीत.

गैरसमज ४: बाजारातून मोठी नावं आणली की खड्डा भरतो.

वस्तुस्थिती: नॅशव्हिलला विचारा. १ जुलै २०२४ ला त्यांनी ३४ वर्षांचा स्टॅमकोस, ३३ वर्षांचा मार्शेसो आणि बचावपटू शे असे तिघे एका दमात घेतले. आदल्या हंगामात गुणतक्त्यात ९९ गुण मिळवणारा हा संघ पुढच्या हंगामात ६८ वर आला. या बाजारात येणारा खेळाडू बहुधा तिशीच्या आसपासचा असतो, आणि दाम मोजला जातो तो मागच्या कामगिरीचा.

गैरसमज ५: करार चुकला तर पैसे देऊन सुटका होते.

वस्तुस्थिती: खेळाडूची होते, क्लबची नाही. मिनेसोटानं २०१२ मध्ये पारिसे आणि सूटर यांना एकाच दिवशी प्रत्येकी १३ वर्षं, ९ कोटी ८० लाखांनी बांधलं आणि २०२१ मध्ये दोघांनाही सोडलं. अशा वेळी २६ किंवा त्याहून अधिक वयाच्या खेळाडूला उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात द्यावे लागतात, आणि त्याचा भार पगारमर्यादेवर पडत राहतो. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत मिनेसोटाची सुमारे १ कोटी ४७ लाखांची जागा संघात नसलेल्या या दोघांनी अडवली होती.

म्हणून जूनमध्ये करार संपणाऱ्यांची यादी चाळताना नावाशेजारी वय, वर्षं आणि रक्कमही पाहावी. जॉन टवॅरेस १ जुलै २०१८ ला वर्षाला १ कोटी १० लाखांवर टोरांटोत आला, तेव्हा त्यानं लहानपणचा, लीफ्सच्या चादरीत झोपलेला स्वतःचा फोटो टाकला होता. २०२५ मध्ये सगळे मार्नरच्या निर्णयाची वाट बघत असताना त्यानं गुपचूप सही केली: ४ वर्षं, वर्षाला सुमारे ४४ लाख. वाचलेल्या त्या ६६ लाखांत पुढची यादी बसते.