घरातली ओल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

श्रावण आला की इंदूरच्या घराघरांत कपाटातल्या साड्यांना कुबट वास येऊ लागतो, भिंतींचे पोपडे निघतात, कोपऱ्यात काळी बुरशी धरते. दिवाळीत नवा रंग लागतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. दुखणे एक आणि औषध दुसरेच, असे इथे होते.

गैरसमज : ओल दिसली म्हणजे छत गळते आहे.
वस्तुस्थिती : ओल तीन वाटांनी येते. पहिली, छतातून किंवा नळातून झिरपणारे पाणी. दुसरी, जोत्यातून वर चढणारा ओलावा. माळव्याची काळी माती पाणी बराच काळ धरून ठेवते, म्हणून तळमजल्याच्या भिंतींना लोणा लागतो. तिसरी वाट म्हणजे घरातलीच वाफ. ती गार भिंतीला लागून पाणी होते. वाट ओळखायची सोपी खूण आहे. भिंत कोरडी पुसून प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर वाफ, भिंतीच्या बाजूला असतील तर भिंतीतली ओल.

गैरसमज : घरात एवढी वाफ येणार कुठून?
वस्तुस्थिती : एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. म्हणजे 14.2 किलोचे सिलिंडर संपेपर्यंत 20 लिटरहून अधिक पाणी हवेत जाते. उकळता भात, आंघोळ आणि दोरीवरचे ओले कपडे वेगळेच.

गैरसमज : खिडक्या बंद ठेवल्या की घर कोरडे राहते.
वस्तुस्थिती : 30 अंशांना एक घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम वाफ मावते, 10 अंशांना जेमतेम 9. त्यामुळे थंडीच्या रात्री कोंडलेली वाफ काचेवर आणि भिंतीवर उतरते. हिवाळ्यात बाहेरची हवा कोरडी असते, तेव्हा दुपारी समोरासमोरच्या खिडक्या पंधरा-वीस मिनिटे उघडा. पावसाळ्यात उघडीप मिळाली की उघडा.

गैरसमज : पंखा किंवा कूलर लावला की पुरे.
वस्तुस्थिती : छताचा पंखा तीच हवा फिरवतो आणि कूलर हवेत पाणी वाढवतो. वाफ बाहेर काढतो तो एक्झॉस्ट फॅन. तो उंचावर बसवा, दाराखाली हवा आत यायला फट ठेवा आणि स्वयंपाक किंवा आंघोळ झाल्यावरही पंधरा मिनिटे चालू राहू द्या.

गैरसमज : वॉटरप्रूफ रंग दिला की ओल गेली.
वस्तुस्थिती : ओल्या भिंतीवर असा रंग दिला तर पाणी आत कोंडते आणि रंगाला फुगे येतात. जुन्या वाड्यांतला चुन्याचा गिलावा ओलावा बाहेर सोडत असे, आणि मधल्या चौकातून गरम हवा वर निघून जाई.

म्हणून रंगारी बोलावण्याआधी घर एकदा नीट पाहा. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा आणि प्रत्येक खोलीत हवेला आत यायला एक व बाहेर जायला एक वाट ठेवा. गळती असेल तर ती आधी बुजवा, भिंत पुरती वाळू द्या. रंगाची पाळी त्यानंतर.